चौथ्या वर्गातली दोघं

गेवराई मागं पडली, गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि सतीशनं आरशात पाहिलं, तर पौर्णिमाच्या डोक्यावर स्कार्फ नव्हता. पाहिलं होतं ते खरं तर मागून येणाऱ्या ट्रकसाठी. ट्रक लांबच होता. आरशाच्या कोपऱ्यात एक गुळगुळीत, फिकट, कानांमागं किंचित निळसर डोकं होतं. ते आपल्या बायकोचं आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला, कारण त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. होळीच्या सुमाराला केस गळायला लागले तेव्हा तिनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं होतं आणि आत त्याच्या आईला, जाईबाईंना बोलावलं होतं. बाहेर उभ्या सतीशला फक्त कात्रीचा आवाज ऐकू आला. दार उघडलं तेव्हा पौर्णिमाच्या डोक्याला निळा सुती स्कार्फ होता, आणि तेव्हापासून तो होताच. झोपतानासुद्धा. त्यानं कधी विचारलं नाही. ती लाज असेल, किंवा आपल्याला त्रास होऊ नये म्हणून असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती आणि त्या समजुतीवर तो थोडा खूशही होता. आता शेजारी बसलेल्या या चकलांब्याच्या पोरासमोर, पवनसमोर, तिनं तो स्कार्फ दाराशी चप्पल काढावी तितक्या सहज काढून ठेवला होता. "उकडतंय रे," ती म्हणाली होती, आणि पवन म्हणाला होता, "काढा की मग, ताई. कोण बघायलंय हितं."

कोण बघायलंय हितं. सतीशनं गिअर बदलला. तो गाडी चालवत होता, बीडपासून चालवत होता, संभाजीनगरच्या दवाखान्यापर्यंत चालवणार होता. त्या गाडीत तो नव्हताच असं ते वाक्य होतं आणि त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. दवाखान्यात ओळख झाल्यावर पवनला वाटेत गेवराईहून सोबत घ्यायचं ठरलं होतं. मागची व्यवस्था तशी आपोआप झाली होती. पवन पहिल्या खेपेला पुढं बसला होता, सतीशच्या शेजारी, मोबाइल मांडीवर पालथा घालून, अवघडून. पुढच्या खेपेला पौर्णिमा म्हणाली, त्याला मागं येऊ दे, मला बोलायला सोबत होईल. सतीशनं गाडी थांबवून दार उघडून दिलं. त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. मग एकेका खेपेला तो आरसा किंचित खाली झुकत गेला.

संशय असता तर बरं झालं असतं. संशयाला निदान तोंड असतं, भांडता येतं, आई मध्ये पडते, लोक बाजू घेतात. पवन तिला ताई म्हणायचा, याला दाजी म्हणायचा आणि तेविशीतल्या पोरासारखा दोघांच्याही पाया पडू पाहायचा. त्याच्या मानेत गाठी होत्या, छातीत होत्या, पुढं कुठंकुठं गेल्या होत्या. अशा पोरावर जळायचं म्हणजे माणसानं किती खाली उतरायचं, हे सतीशला कळत होतं. तरी तो उतरत होता. पौर्णिमा आणि तो तंत्रनिकेतनात एका बाकावर बसलेले. तिनं लग्नाआधी त्याला सांगितलं होतं की मला गप्प माणसाची चीड येते, आणि लग्नानंतर तोच आधी गप्प झाला होता, त्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला, यकृतावर ठिपके. बरा होणार नाही, लांबवता येईल, असं डॉक्टर त्याला एकट्याला म्हणाले होते. बाहेर बाकड्यावर ती बसली होती. त्यानं निम्मं सांगितलं, आजाराचं नाव आणि टप्पा. "बाकी?" तिनं विचारलं. "बाकी काही नाही. होईल बरं." त्यानंतर तिनं त्याला कधी काही विचारलं नाही. तो मात्र सगळं करत राहिला. डाळिंबाचा रस, गोळ्यांच्या वेळा, पाठीमागं उशी, कार्यालयातून दुपारी धावत घरी. आणि प्रत्येक कामाबरोबर होईल बरं, होईल बरं, इतक्यांदा की शेवटी शेवटी त्यालाच तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा.

दवाखान्यात शेजारच्या पलंगावर पवन होता. दोघांच्या हातांत सुया, वर पिशव्या, थेंब पडताहेत. त्यानं मान वळवून विचारलं होतं, "ताई, तुमचं स्टेज कितवं?"

"चौथं," पौर्णिमा म्हणाली. घरात तो आकडा कुणी तोंडातून काढत नसे.

"माझंबी चौथंच. म्हंजी एकाच वर्गातले की आपण."

आणि ती हसली. सतीश चहा घेऊन येत होता. दारातच तो थांबला, कारण ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं आणि कित्येक दिवसांत त्यानं ते ऐकलं नव्हतं. चहा निवेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

पुढं त्याला कळत गेलं की ही दोघं एका मुलखात राहतात आणि त्या मुलखाची भाषा आपल्याला येत नाही. पौर्णिमा महिनाभर म्हणत होती, पाण्याला लोखंडाची चव येते. सतीश जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याला कनिष्ठ अभियंता. त्यानं घरचं पाणी बाटलीत भरलं, प्रयोगशाळेत तपासून आणलं आणि तिला सांगितलं की पाण्यात काहीही दोष नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, लहान मुलापुढं हलवतात तशी. पवनला तेच सांगितलं तर तो म्हणाला, "बोअरचा पाइप चाटल्यावानी न्हाई का लागत?" आणि ती जवळजवळ ओरडली, "तेच, तेच." त्या आठवड्यात सतीश एका गावची टाकी बघून परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबला. ट्रकवाले जेवत होते, पोळ्यांचा धूर येत होता. त्यानं मोटरसायकलची किल्ली काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि तोंडात घातली. जिभेवर दाबून धरली. खारट लागलं, मग थोडं आंबट, मग नुसतंच गार. वेटर समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यानं ती पटकन काढून रुमालात पुसली. ती चव त्याला कळली नाही. कळण्यासारखी ती बाहेर कुठं नव्हतीच.

गाडीत ती दोघं मरणाबद्दल बोलायची. आवाज न चढवता, शेजारणी भाजीबद्दल बोलतात तसं. पवन म्हणायचा, माझी गाडी धाकट्या भावाला देऊ नका, तो पाडंल, ती इकून गाय घ्या त्यापरीस. पौर्णिमा म्हणायची, माझ्या शिकवणीतल्या पोरांना माझा फोटो भिंतीवर लावू देऊ नका, त्यांना गणित सुचणार नाही. आणि एकदा, शहागडचा पूल ओलांडताना, खाली गोदावरीचं पात्र अर्धं वाळू अर्धं पाणी असं पसरलेलं असताना, ती म्हणाली, "मला भीती मरायची नाही रे. सगळे मला बघायला येतील आणि मी नुसती पडलेली असेन, त्याची वाटते." सतीशनं रेडिओ मोठा केला. हे वाक्य माझं होतं, असं त्याला वाटलं. हे मला सांगायला हवं होतं. रात्रंदिवस जिच्या कुशीला मी आहे तिच्या भीतीचं एवढं एक वाक्य, ते गेवराईहून चढलेल्या पोराला मिळालं.

आणि त्याच्याकडं एक गोष्ट होती जी मागच्या दोघांकडं नव्हती. पवनचा आजार वेगळा. तो चौथ्या टप्प्यावर सापडला तरी पुष्कळदा पुरता बरा होतो. सतीशनं वाचलं होतं, मग एका तरुण डॉक्टरला जिन्यात गाठून विचारूनही घेतलं होतं. दोघांचा आकडा एक, पण वर्ग एक नव्हता. त्यानं हे पौर्णिमाला सांगितलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, हे कारण त्यानं पुढं केलं. त्या कारणाच्या मागं दुसरं एक लपून बसलं होतं, आणि गाडी चालवताना, आरशात ती दोन डोकी एकमेकांकडं झुकलेली दिसली की ते बाहेर यायचं: एक दिवस हा पास होऊन निघून जाईल, आणि मग ती माझ्याकडं परत येईल. तो त्या दिवसाची वाट पाहत होता. चक्क वाट पाहत होता. त्या दिवसाचा अर्थ तिच्यासाठी काय असेल हे माहीत असून.

स्कार्फ काढलेला पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुभाष रोडवरच्या सलूनमध्ये जाऊन बसला आणि म्हणाला, पूर्ण काढ. न्हाव्यानं हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, साहेब?" कुणी नाही, असं सतीश म्हणाला. त्याला ते पटलं नसावं. त्यानं टीव्ही बंद केला आणि वस्तरा चालवला. घराकडं येताना गल्लीतल्या मोहनरावांनी जयभीम घालून विचारलं, श्रामणेर शिबिरात भिक्खू व्हायला निघालास की काय. सतीश हसला. वारा डोक्याला थेट लागत होता, कुणीतरी ओला हात ठेवावा तसा, आणि त्याला वाटत होतं, आता. आता मी त्या सीटवर बसू शकतो.

जाईबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"तुजे वडील गेले तवा डोकं केलं न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "आपल्यात न्हाई करत म्हणलास. भावकीसंगं भांडलास. मग आता कुणाचं केलंस?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागं दारात पौर्णिमा येऊन उभी होती, भिंतीला धरून. तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि अजिबात न रागावता म्हणाली, "अजून हाय मी, सतीश."

तो काहीतरी सांगायला गेला. तुझ्यासाठी, असा एक शब्द निघाला. तेवढ्यात ती हसायला लागली, आधी हळू, मग पोट दाबून धरत, भिंतीला टेकून खाली बसत. जाईबाई घाबरल्या, मग त्याही डोळे पुसत हसल्या. सतीशलाही क्षणभर बरं वाटलं. मग पौर्णिमा आत गेली आणि त्यानं ऐकलं, ती स्पीकरवर फोन लावत होती. "पवन, आमच्याकडं एक नवा पेशंट आलाय बघ." पलीकडून पवननं विचारलं, दाजींनी कावून केलं असं, आणि तिनं सांगितलं तसा तो कळवळून म्हणाला, "अरारा. पण त्यांचं येईल की उगवून महिन्याभरात." दोघंही हसले. सतीश न्हाणीघरात गेला आणि डोक्यावर पाणी ओतत राहिला.

पुढच्या खेपेला दवाखान्यात नवी परिचारिका होती. पौर्णिमा पलंगावर स्कार्फ बांधून बसलेली, सतीश शेजारी उभा. त्याचं डोकं पाहून परिचारिका त्यालाच म्हणाली, "तुम्ही का उभे? पडा ना, कुठला पलंग तुमचा?" तिच्या आवाजात एक माया होती, अगदी कामातली, रोजची, आणि ती त्याच्या अंगावरून कोमट पाण्यासारखी गेली. कुणीतरी त्याला पड म्हणालं होतं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. तो रिकाम्या पलंगाकडं वळलासुद्धा. मग त्याला पौर्णिमाचे डोळे दिसले. त्यांत राग नव्हता, कीव नव्हती. ती त्याला नीट निरखत होती, जणू या माणसाला काय झालंय ते तिला आत्ताच कळू लागलं होतं.

पावसाळा संपता संपता तो दिवस आला. पवनचे वडील बंकटराव बरोबर होते. दोघं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा बंकटरावांच्या हातात टोपी होती आणि ते रडत होते, आणि पवन पौर्णिमाकडं पाहत नव्हता. फरशीकडं, खिडकीकडं, सतीशच्या बुटांकडं पाहत होता. गाठी गेल्या होत्या. सगळ्या. पौर्णिमानं त्याच्या पाठीत धपाटा घातला, अभिनंदन म्हणाली, पेढे कुठंयत म्हणून विचारलं. तिचा आवाज अगदी ठीक होता. मग तिला आत बोलावलं. तिच्या गाठींची वाढ थांबली होती, आहेत तेवढ्याच होत्या, औषध पुढं चालू ठेवायचं होतं. डॉक्टर ही चांगली बातमी म्हणाले आणि ती चांगली होतीही. बाहेर आल्यावर बंकटरावांनी सांगितलं, आम्ही एसटीनं जातो, वाटेत पाहुण्यांकडं थांबायचंय. पवन जाताना दोघांच्या पाया पडला, पण ताईच्या पायांशी त्याचे हात नीट पोचले नाहीत.

परतीला ती मागंच बसली, एकटी. सतीशला वाटलं होतं तसं काही झालं नाही. सीट रिकामी झाली होती आणि ती त्याच्याकडं परत आली नव्हती. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, उभी तूर, कापसाची रानं, उसाचे फड. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, थांब जरा. त्यानं गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली. दोघं उतरली.

"मला त्याचा हेवा वाटतोय," ती म्हणाली. "तो बाहेर आला ना, तेव्हा मी हसले, आणि आतून वाटलं, ह्याला कावून, मला कावून नाही. माझ्यासमोर उलट्या करायचा तो पोरगा. मी बादली धरलीय त्याची. आणि मी जळतीय त्याच्यावर."

होईल बरं, हे सतीशच्या ओठांवर आलं. सवयीनं आलं. त्यानं ते गिळलं.

"मीपण," तो म्हणाला.

"तू काय?"

"जळतो. त्याच्यावर. पहिल्यापासून."

मग त्यानं सगळंच सांगितलं. आरसा, किल्ली, रेडिओ, डोकं. ती ऐकत होती, एकदा किल्लीशी तिच्या तोंडाचा कोपरा हललाही. मग तो त्या गोष्टीपाशी आला आणि थांबला, पण आता थांबता येत नव्हतं. पवनचा आजार बरा होणारा आहे हे मला माहीत होतं, म्हणाला. तो बरा होऊन जायची मी वाट बघत होतो.

"आणि माझा?" तिनं विचारलं.

"बरा होणार नाही. लांबवता येईल म्हणाले. किती ते त्यांनाही माहीत नाही."

ती गाडीत जाऊन बसली. घरी आल्यावर ती जेवली नाही, पुढचे काही दिवस तिनं त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, जाईबाईंकडून मागून घेतलं. सतीशनं उशी ठेवली तर ती काढायची. तो ओसरीवर झोपायला लागला. कार्यालयात नकाशे उघडून बसायचा आणि त्याला वाटायचं, होती तेवढीही गेली, माझ्या हातानं गेली. पवनचे फोन यायचे. ती उचलत नव्हती. हेही त्यानं मोजलं, आणि मोजताना आत कुठंतरी ते जुनं सुख हललं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली.

मग एका दुपारी तो घरी आला तर ती ओसरीवर उन्हात बसली होती. ये बस, म्हणाली. आणि बोलायला लागली. मला दवाखान्यात मरायचं नाही, इथं, या ओसरीवर, पण लोकांना आत येऊ द्यायचं नाही. आईला माझ्यामागं इथंच ठेव, गावाकडं पाठवू नको. तू दुसरं लग्न केलंस तर मला आत्ताच राग येतो, पण कर. रात्री पाय जळतात, सुयांवर उभं राहिल्यासारखे, ते तुला कधी सांगितलं नाही. तिनं एकामागून एक सांगितलं, ऊन ओसरीवरून उतरून अंगणात जाईपर्यंत. सतीश ऐकत होता. त्याला मध्ये काही म्हणावंसं वाटलं नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

"तू लई चांगला होतास," ती म्हणाली. "तुला काही सांगावं तर तू लगेच रस करायला उठायचास. चांगल्या माणसाशी काय बोलणार? आता कळलं, तूपण माझ्यासारखाच हाय. वाईट." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केस किती उगवले ते बघितल्यासारखा. "आता बोलता येतं."

चकलांब्याला जायचं तिनंच काढलं. पवन फोनवर फोन करतोय, तोंड लपवून किती दिवस बसणार, म्हणाली. रविवारी निघाले. वाटेभर सतीशच्या मनात एक नवाच विचार होता, आणि त्याची त्याला गंमतही वाटत होती. पवनचं घर पाटलांच्या आळीतलं, आपलं जयभीमवाल्यांचं. बघू आता, चहा कोणत्या कपात येतो. बसायला काय टाकतात. काही चुकलं असतं तर त्याला हवंच होतं, रास्त, जुना, उघड बोलता येईल असा राग. पवनच्या आईनं, छबुबाईंनी, पौर्णिमाला पाहताच हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं, पाटावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि तिच्या ताटातली भाकरी स्वतः मोडून दुधात कुस्करायला लागल्या, कारण पवननं सांगितलं होतं की ताईला गिळायला त्रास होतो. सतीशला राग धरायला काही मिळालं नाही. तो गुमान जेवला. पिठलं फार चांगलं झालं होतं.

पवन समोर येत नव्हता. पाणी आणतो, बैल बांधतो, काही ना काही काढून बाहेरच. त्याच्या डोक्यावर काळी लव आली होती. जेवणं झाल्यावर पौर्णिमानंच त्याला बाहेर गाठलं. "माझ्यापासून तोंड कावून लपवतो बे?" ती म्हणाली.

"मला लाज वाटती, ताई." तो खाली बघत होता. "आपण संगं होतो. मी एकलाच सुटलो."

"मला लई राग आला होता तुझा," पौर्णिमा म्हणाली. "अजून हाय थोडा. दाजींना तर माझ्यापेक्षा जास्त हाय, विचार त्यांना."

पवननं दचकून सतीशकडं पाहिलं. सतीशनं मान हलवली, हो म्हणून. पोरगा आधी गोंधळला, मग त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी मोकळं झालं. मग तो एकदम म्हणाला, पोलीस भरतीचं मैदान मारायचंय, घरचे पळू देत न्हाईत, तुमी बघता का एकदा किती वेळ लागतो.

तिघं रस्त्यावर आले. दोन्ही बाजूंना बाजरी काढलेली रानं होती, रस्ता लांब शाळेपर्यंत सरळ गेला होता. पौर्णिमानं मोबाइल हातात धरला. तिनं हात खाली केला आणि पवन पळाला. चपला काढून, शर्ट वाऱ्यावर, सुरुवातीला फार जोरात. नवी हाडं मिळाल्यासारखा पळत होता. सतीश पाहत होता आणि त्याच्या छातीत तीच जुनी कळ होती, आणि शेजारी पौर्णिमाचा श्वासही तसाच अडकलेला होता. शाळेच्या अलीकडं पवन एकदम थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. पौर्णिमाच्या तोंडून एक बारीक सुस्कारा निघाला, सुटकेचा. सतीशनं तो ओळखला, कारण त्याचाही निघाला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग पौर्णिमानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "पवन, पळ! थांबू नको!" तिचा आवाज फाटला. सतीशनंही हाक दिली. पवन सरळ झाला, शाळेला वळसा घातला आणि परत येऊ लागला, वाकडातिकडा, तोंड उघडं टाकून, मोठा मोठा होत.

"किती, ताई?" त्यानं धापा टाकत विचारलं.

पौर्णिमानं मोबाइलकडं पाहिलं. तिनं घड्याळ चालूच केलं नव्हतं.

"राहिलं रे," ती म्हणाली. "बघतच बसले."

"मग उद्या सकाळी परत पळतो," पवन म्हणाला. "थंडीत बरं पळवतं. पण तुमी तर आता निघताव."

पौर्णिमानं सतीशकडं पाहिलं. तिच्या औषधांची पिशवी गाडीत होती. सोमवारी त्याला कार्यालयात पोचायचं होतं. या पोराच्या घरात, याच्या आईच्या हातची आणखी एक भाकर खायची, आणि सकाळी उठून याला पुन्हा पळताना बघायचं.

"थांबू," सतीश म्हणाला.